मिल्टन ब्राउनच्या तबकड्यांसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ परिसरातल्या आपल्या मराठी श्रवणगटाकडे गेल्या महिन्यात एक खोका आला. शेजारच्या अमेरिकन आजोबांनी घर सोडताना स्वतःच्या हाताने आणून दिला. आत मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्या, बहुतेक मिल्टन ब्राउनच्या. कागदी पाकिटं हात लावताच तुटतात, दोघींच्या कडा उडाल्यात, एकीवर बुरशीची पांढरी साय धरली आहे.

हा गायक याच मातीतला. १९०३ साली स्टीफनव्हिलला जन्मला. मंदीत सिगार विकायची नोकरी गेली. १९३० मध्ये एका घरच्या नाचाच्या कार्यक्रमात बॉब विल्स फिडल (म्हणजे व्हायोलिन) वाजवत होता, मिल्टन त्याच्याबरोबर सहज गायला आणि दोघांचं जमलं. पुढे एका पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीसाठी ते रेडिओवर गाऊ लागले. पण गिरणीच्या साहेबांना, म्हणजे पुढे टेक्सासचे गव्हर्नर झालेल्या ओडॅनियल यांना, आपल्या गायकांनी नाचाच्या हॉलमध्ये गायलेलं नको होतं. मिल्टनने १९३२ मध्ये नोकरी सोडली आणि 'म्युझिकल ब्राउनीज' हा स्वतःचा संच उभा केला. क्रिस्टल स्प्रिंग्जच्या हॉलमध्ये लोक त्यांच्या गाण्यावर नाचायला गर्दी करत. खेड्यातल्या फिडलच्या धून, ब्लूज आणि जाझ त्याने एकाच ताटात वाढले. १९३५ मध्ये शिकागोत बॉब डनने या संचासाठी अँप्लिफायरला जोडलेली स्टील गिटार वाजवली. कंट्री संगीतात विजेवरचं वाद्य पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं ते तिथेच, असं मानतात.

एप्रिल १९३६ मध्ये जॅक्सबोरो हायवेवर त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि पाच दिवसांनी तो गेला. वय अवघं बत्तीस. त्याच्या या मिश्र संगीताला आज म्हणतात ते 'वेस्टर्न स्विंग' हे नावही तेव्हा रूढ नव्हतं. बॉब विल्सला सगळे ओळखतात, मिल्टनचं नाव त्याच्या गावातही क्वचित निघतं. हे आम्हाला मनापासून लागतं. त्याच्या मागे उरलं ते शंभरावर गाण्यांचं ध्वनिमुद्रण, त्यातलं थोडंसं आज आपल्या हातात आहे.

या तबकड्या लाखेच्या, आणि त्या काळी ही लाख मुख्यतः भारतातल्या जंगलांतून जायची. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून कृपया कोणीही त्या सॅनिटायझरने पुसू नयेत! डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशच हवा. एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांची, सुईही चालत नाही, ७८ ची खाच रुंद असते.

आम्हाला योग्य सुई, आम्लविरहित पाकिटं आणि गाणी संगणकावर उतरवून घेण्याचा खर्च भागवायचा आहे. जमेल ती रक्कम खजिनदारांकडे द्यावी, पावती मिळेल. एसी असलेल्या खोलीतलं एक कपाटही हवं आहे. टेक्सासच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये ठेवल्या तर तबकड्या वाकतील. ध्वनिमुद्रणाचं तंत्र जाणणाऱ्यांनी दोन-तीन रविवार दिले तर फार उपकार होतील.

आणि कुणी आजोळहून नाट्यसंगीताची जुनी ७८ ची तबकडी आणली असेल, तर तीही घेऊन या. त्याच सुईवर लावू.