‘शुद्ध करून पाठवू नका’ म्हणणाऱ्या दादांना

दादा,

माझ्या शेतीच्या ॲपमधला मराठी शोध तुम्ही चालता करून दिलात. त्याबद्दल तुम्हाला मेलवर दोन ओळींत ‘थँक यू’ लिहून झालं, पण तेवढ्यानं माझं मन भरलेलं नाही. म्हणून हे उघडं पत्र. नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं आता मी तुम्हाला ओळखतो.

काल संध्याकाळी आमच्या शेजारचे तात्या उसाच्या बांधावर उभे राहून फोनवर, माझ्या ॲपमध्ये, काहीतरी टाईप करत होते. आमच्या शिवारात रेंज नसते, कालही नव्हती. त्यांनी शोधलं आणि हुमणीचं पान सगळ्यात वर आलं. तात्या काही बोलले नाहीत. चष्मा सारखा केला आणि तिथंच वाचायला लागले. मी बाजूला जाऊन उभा राहिलो, डोळे भरून आले होते.

हुमणी जमिनीखाली मुळं खाते. वर पानं पिवळी पडेपर्यंत शेतकऱ्याला पत्ता लागत नाही आणि लागतो तेव्हा हातात फार दिवस नसतात. अशा वेळी ‘काही सापडले नाही’ एवढंच दाखवणारं ॲप काय कामाचं? माझं ॲप दोन हंगाम तेच दाखवत होतं. पिकांच्या रोगकिडींची काही शे पानं मी जाणकारांकडून तपासून घेतली होती, चित्रं जमवली होती. माहिती फोनमध्येच होती, फक्त माणसाला सापडत नव्हती.

तुमच्याआधी मी कुणाकुणाकडे गेलो ते सांगतो. एका कंपनीनं निम्मे पैसे आगाऊ घेतले आणि दोन महिन्यांनी कळवलं की मराठी शोध हवा असेल तर तो सर्व्हरवर ठेवावा लागेल. रानात नेट नसतं, हे मी पहिल्या बैठकीपासून सांगत आलो होतो. दुसऱ्या एका मोठ्या पगाराच्या तज्ज्ञानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुमच्या लोकांना आधी नीट टाईप करायला शिकवा.” पैसे गेल्याचं दुःख मी विसरलो. हे वाक्य विसरलेलो नाही.

मग मी स्वतःच फोनमध्ये माहिती साठवणाऱ्या एसक्यूलाइटमधली शोधायची सोय वापरून पाहिली. त्यात युनिकोडसाठीचा, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीचा, म्हणून जो शब्द तोडणारा भाग आहे, तो काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानतच नाही. तिथं शब्द संपला असं समजतो. ‘मावा’ शब्दाचे ‘म’ आणि ‘व’ असे दोन तुकडे व्हायचे आणि ‘मावा’ शोधला की जवळजवळ सगळीच पानं पुढ्यात यायची. शेवटी ल्युसीनकडे वळलो, म्हणजे मजकुरात शोध घेणाऱ्या तयार कोडकडे. मोठमोठ्या सर्व्हरवर चालणारी ही लायब्ररी साध्या फोनवर आणायची म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचं इंजिन बसवण्यातला प्रकार. 2015 च्या पाचव्या आवृत्तीपासून ती फायली उघडायला जावा या प्रोग्रामिंग भाषेचा जो भाग वापरते, तो अँड्रॉइडमध्ये आठव्या आवृत्तीच्या आधी नव्हताच, आणि आमच्याकडचे निम्मे फोन त्याहून जुने. मी जुनी चौथी आवृत्ती घेतली. माझ्या टेबलावर चाचणीत चालली, पण प्रसिद्ध करायचं ॲप बांधलं की उघडताक्षणी बंद पडायची. ॲप लहान करणारं साधन तिचे काही क्लास, म्हणजे कोडचे तुकडे, बिनकामाचे समजून काढून टाकत होतं, हे मला तुमच्याकडून कळलं. त्यावर तुम्ही काय काय केलंत ते इथं लिहीत बसत नाही. ज्यांना हवं त्यांच्यासाठी तुम्ही ते मोकळं ठेवलंच आहे.

मला लिहायचं आहे ते तुमच्या पहिल्या उत्तराबद्दल.

मी तुम्हाला लांबलचक मेल लिहिला होता. त्यात एरर होत्या, आवृत्त्यांचे आकडे होते, स्क्रीनशॉट होते. तुम्ही रात्री दीड वाजता उत्तर दिलंत. नोकरी करून, घरचं सगळं आवरून बसला असाल. त्यात एररबद्दल एक शब्द नव्हता. तुम्ही विचारलं होतं, “ते शेतकरी काका शोधताना नेमकं काय लिहितात? जसंच्या तसं पाठवा. शुद्ध करून पाठवू नका.”

मी तो मेल पुन्हा पुन्हा वाचला. त्या दोन हंगामांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. खरं सांगायचं तर मीही तात्यांना विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो, फोन हातात दिला आणि म्हटलं, “लिहा.” त्यांनी लिहिलं, “उसला हुमनी लागलि ओषद”. मी तेवढंच तुम्हाला पाठवलं.

आठवड्यानं तुमचा कोड आला. चाचण्यांची फाईल उघडली तर पहिल्याच ओळीत तात्यांचं वाक्य. एका अक्षराचाही फरक न करता. त्याखाली तुम्ही टिपण लिहिलं होतं, “ही ओळ पास झाल्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही.”

दादा, तात्या चौथीपर्यंत शिकलेत. त्यांच्या लिहिण्याला आजवर लोक हसले, नाहीतर त्यांनी ते खोडून नीट करून दिलं. तुम्ही ते मोजमाप म्हणून समोर ठेवलंत आणि यंत्रानं त्याला उतरायला हवं म्हणालात. तात्यांना मी ती ओळ फोनवर दाखवली. “माझंच हाय की हे,” एवढंच म्हणाले. नंतर घरात जाऊन त्यांनी काकूंनाही दाखवलं.

पुढचं तुम्ही किती सहज सांगितलंत! ल्युसीनमध्ये हिंदीसाठी आधीच कुणीतरी लिहिलेला एक भाग आहे. तो ऱ्हस्व-दीर्घ एकच धरतो, ‘ऊस’ आणि ‘उस’ त्याला सारखेच. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाईप होतो, एका तऱ्हेत डोळ्यांना न दिसणारा एक जोडक असतो, तोही हा भाग सांभाळून घेतो. तुम्ही त्यावर न-णचा फरक पुसलात आणि ‘ला’, ‘चा’, ‘वर’, ‘साठी’ अशी मराठी शेपटं सोडवायची सोय केलीत. ‘ओषद’ अजून ‘औषध’शी जुळत नाही. पण उरलेल्या शब्दांवरच पान वर येतं, आणि तात्यांचं काम होतं.

ल्युसीन डग कटिंग यांनी 1999 मध्ये लिहायला घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. 2001 पासून ते अपाचे या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या छायेत अनेक हातांनी वाढलं. ‘ऱ’ला ‘र’ मानावं ही ओळ ज्यानं लिहिली, त्यानं आमचं गाव कधी पाहिलं नसेल. मला त्या माणसाचंही भलं व्हावंसं वाटतं. आपल्याकडे माणूस पाणपोई बांधतो आणि कोण पिऊन गेलं ते विचारत नाही, तशी ही माणसं. तुम्ही त्यातलेच. मी पैशांचं विचारलं तेव्हा तुम्ही विषयच बदललात आणि तात्यांच्या उसाला पाणी कुठलं ते विचारलंत.

कृष्णेचं. तेव्हा सांगायचं राहिलं होतं.

दिवाळीनंतर आमचं गुऱ्हाळ सुरू होईल. तात्यांनी पहिल्या काहिलीतली काकवी तुमच्यासाठी बाजूला काढायची ठरवली आहे, बरणीसुद्धा धुऊन ठेवली आहे. पत्ता तेवढा कळवा. आणि काल मी ‘गुऱ्हाळ’ दोन्ही तऱ्हांनी टाईप करून पाहिलं. दोन्हीकडून सापडतं.

तुमचा,
कृष्णाकाठचा धाकटा भाऊ