अतिवाहकाच्या बातमीत चुंबकीय क्षेत्राचा आकडाही हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अतिवाहक म्हणजे पुरेसे थंड केल्यावर विजेला कसलाही रोध न करणारे पदार्थ; त्यांच्याविषयी बातमी येते तेव्हा तो पदार्थ किती तापमानाला अतिवाहक होतो, हा आकडा मथळ्यातच असतो. तो किती चुंबकीय क्षेत्र सोसतो, हे मात्र क्वचितच छापले जाते. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना ही उणीव मला फार जाणवते, कारण अतिवाहकाचा उपयोग होणार की नाही हे ठरवण्यात या दुसऱ्या आकड्याचा वाटा मोठा असतो.

डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांना १९११ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे पाऱ्यात अतिवाहकता सापडली. तिच्या बळावर शक्तिशाली चुंबक बनवण्याची त्यांची आशा लवकरच मावळली, कारण शिशासारख्या शुद्ध धातूतील अतिवाहकता टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) दहाव्या भागाहूनही कमी क्षेत्रात नाहीशी होते. आज आपल्या नाशिकमध्ये एमआरआय काढायला गेले की आत जाण्यापूर्वी किल्ल्या, घड्याळ आणि पट्टा बाहेर काढून ठेवायला सांगतात, कारण दीड टेस्लाच्या यंत्रातील चुंबक रुग्ण नसतानाही चालूच असतो. त्याच्या वेटोळ्यात तांब्यात बसवलेल्या निओबियम-टायटेनियमच्या अतिशय बारीक तारा असतात आणि त्या द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या असतात. हा मिश्रधातू क्षेत्राला पूर्णपणे बाहेर न रोखता बारीक रेषांच्या रूपाने आत येऊ देतो आणि धातूतील दोष त्या रेषांना जागच्या जागी धरून ठेवतात. म्हणूनच तो त्या तापमानाला सुमारे दहा टेस्लापर्यंत तग धरतो.

तरीही क्षेत्र हे अतिवाहकतेचे शत्रूच, असे पाठ्यपुस्तकाच्या भरवशावर विद्यार्थ्यांच्या मनात पक्के बसते. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोड्यांनी वाहतात; नेहमीच्या अतिवाहकात अशा जोडीतील दोघांचे स्पिन (इलेक्ट्रॉनाला चिमुकल्या चुंबकासारखे वागवणारा गुणधर्म) परस्परविरुद्ध असतात, तर बाहेरचे क्षेत्र दोघांनाही एकाच दिशेला वळवू पाहते. ही जोडी कोठे तुटेल याची मर्यादा भौतिकशास्त्रज्ञ बी. एस. चंद्रशेखर आणि क्लॉग्स्टन यांनी १९६२ मध्ये स्वतंत्रपणे मांडली: क्रांतिक तापमानाच्या, म्हणजे ज्याखाली पदार्थ अतिवाहक होतो त्या तापमानाच्या, दर केल्विनमागे (केल्विनची मोजणी उणे २७३ अंश सेल्सिअसपासून सुरू होते) सुमारे १.८४ टेस्ला.

या हिशेबाने १.६ केल्विनला अतिवाहक होणाऱ्या युरेनियम डायटेल्युराइड या युरेनियम-टेल्युरियमच्या संयुगाने तीन टेस्लाच्या आसपास हार मानायला हवी होती. प्रत्यक्षात स्फटिकाच्या एका विशिष्ट अक्षाच्या दिशेने क्षेत्र लावले असता त्याची अतिवाहकता सुमारे ३५ टेस्लापर्यंत टिकते, आणि क्षेत्र त्या अक्षापासून ठरावीक कोनात कलवले तर ती ४० टेस्लाच्या पुढे नव्याने प्रकट होऊन ६० टेस्लाच्याही पलीकडे राहते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एवढी क्षेत्रे क्षणभराच्या स्पंदांनीच निर्माण करता येतात. या पदार्थातील जोड्यांचे स्पिन एकाच दिशेचे असावेत, असा अनेक संशोधकांचा कयास आहे. तसे असेल तर वरची मर्यादा त्याला लागूच होत नाही.

हे उदाहरण एकाकी नाही. युरेनियम, ऱ्होडियम आणि जर्मेनियमच्या एका संयुगात अतिवाहकता दोन टेस्लाला मावळते आणि ८ ते १३ टेस्लाच्या दरम्यान परतते, हे २००५ मध्येच फ्रान्समधील ग्रनोबल येथे आढळले होते. तेथे क्षेत्र अणूंच्या चुंबकत्वाची दिशा वळवू लागते, आणि त्या वळणापाशी उसळणारी चुंबकीय चलबिचलच इलेक्ट्रॉनांना जोडण्यास मदत करते, असे मानले जाते. जे क्षेत्र जोडी तोडते म्हणून आपण शिकवतो तेच येथे जोडी जुळवायला कारण ठरते, हे मला विलक्षण वाटते आणि बारावीच्या मुलांना ते समजणार नाही असे मुळीच वाटत नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण तर मुंबईचेच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुद्ध बिस्मथ केल्विनच्या सुमारे दोन हजाराव्या भागाला अतिवाहक होताना आढळला, तेव्हा त्याचे क्रांतिक क्षेत्र, म्हणजे ज्यापुढे अतिवाहकता नाहीशी होते ते क्षेत्र, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहूनही कितीतरी कमी निघाले. म्हणजे पृथ्वीचे क्षेत्र अडवल्याशिवाय तो शोध लागलाच नसता. त्याची थोरवी नुसत्या तापमानाच्या आकड्यावरून वाचकाला कशी कळावी?

म्हणून विनंती अशी की, यापुढे अतिवाहकांच्या बातमीत क्रांतिक तापमानाशेजारी क्रांतिक क्षेत्रही टेस्लामध्ये छापावे, आणि युरेनियम डायटेल्युराइडसारख्या पदार्थाच्या बाबतीत ते स्फटिकाच्या कोणत्या दिशेने मोजले आहे हेही नमूद करावे.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक,
गंगापूर रोड, नाशिक