कॅरॅव्हॅन, फाटलेला होज आणि नलरबॉर

ती. आई-बाबांस,
सा. न.

दादाचा मेसेज आला की आमचे फोन लागेनात म्हणून आईने मावशीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना कामाला लावलं होतं. आई, आम्ही तिघंही एकदम ठणठणीत आहोत. व्हॉट्सॲपवर मी तुकड्यातुकड्यात लिहिलं त्यावरून बाबांना वाटतंय की इंजिन बसलं. इंजिन नाही बसलं हो, रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, फाटला. पण फाटला तो अशा जागी की आता सगळं नीट लिहूनच पाठवते.

तर ईस्टरच्या सुट्टीत पर्थहून ॲडलेडला रस्त्याने जायचं हे तुमच्या जावयांचं जुनं खूळ. मित्राकडून कॅरॅव्हॅन आणली, म्हणजे चाकांवरची एक खोली, आत बेड, गॅस, छोटं बेसिन सगळं, आणि ती आपल्या जुन्या डिझेल गाडीच्या मागे जोडली. निघायच्या आधी गाडी गॅरेजला दाखवली होती, त्यांनी सगळं ओके म्हणून बिल पण दणकून लावलं. असो.

नॉर्समन हे नलरबॉरच्या ओसाड मैदानाआधीचं शेवटचं गाव, तिथून एअर हायवे लागतो तो थेट पोर्ट ऑगस्टापर्यंत, सोळाशे किलोमीटरच्या वर, आणि मधे बरंच अंतर फक्त रोडहाउस. रोडहाउस म्हणजे पेट्रोल पंप, खानावळ आणि चार खोल्या, सगळं एकाच छपराखाली, आणि एक गेलं की पुढचं कधी साठ-सत्तर तर कधी जवळजवळ दोनशे किलोमीटरवर. पहिलं लागतं बॅलाडोनिया. बाबा, तुम्ही सांगायचात ना की स्कायलॅब, म्हणजे नासाचं अंतराळस्थानक, पडणार म्हणून १९७९ मधे आपल्याकडे लोक किती घाबरले होते, ते शेवटी पडलं ते इथल्या बाजूला! रोडहाउसमधे छोटं म्युझियम आहे आणि त्यात त्याचे तुकडे ठेवलेत. इथल्या एस्परन्स गावाच्या नगरपालिकेने तेव्हा नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड केला होता. मला ही गोष्ट भयंकर आवडली.

बॅलाडोनिया सोडलं की थोड्या वेळाने नाइंटी माइल स्ट्रेट लागतो. १४६.६ किलोमीटर, एकही वळण नाही. कराडहून कात्रजपर्यंत स्टिअरिंग हलवायचंच नाही असं समजा. दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं, समोर रस्ता, बास. त्यात समोरून वारा असा की मागची खोली ओढताना गाडीचा जीव निघत होता, डिझेलचा काटा डोळ्यांदेखत खाली आणि टेंपरेचरचा काटा वर. ह्यांनी एसी बंद करून हीटर फुल सोडला. इंजिनची उष्णता आत ओढून घेतली की काटा उतरतो, हे खरंय, पण बाहेर ऊन, आत हीटर, आणि चिंगी मागून ओरडतेय आई मी भाजतेय. काटा जरा उतरला सुद्धा, आणि मग फस्सकन आवाज आला आणि बॉनेटमधून वाफच वाफ.

गाडी कडेला घेतली. फोनला रेंज नाही, ती बॅलाडोनियापासूनच नव्हती. बॉनेट उघडून बघितलं तर होजला क्लिपच्या शेजारी बोटभर चीर आणि हिरवं कूलंट सगळीकडे. तुमचे जावई कॅन घेऊन पाणी ओतायला निघाले तर मी हात धरला. कुंभार्ली घाटात आपली फियाट तापायची तेव्हा बाबा आम्हाला खाली उतरवून अर्धा तास नुसते बसवून ठेवायचे, गरम रेडिएटरचं झाकण कोणी उघडायचं नाही अशी सक्त ताकीद, तेव्हा मला त्याचा जाम कंटाळा यायचा पण ती ताकीद डोक्यात बसलीय ती कायमची. मग बसलो. मी कॅरॅव्हॅनमधे गॅसवर चहा टाकला. तसंही फळं-भाज्या संपवायच्याच होत्या, कारण साउथ ऑस्ट्रेलियात शिरल्यावर सेडूनाच्या नाक्यावर त्या काढून घेतात, मग फ्लॉवर, मटार, बटाटे सगळं घालून पातेलंभर मसालेभात पण टाकला. चिंगीला तर ही पिकनिकच वाटत होती.

आणि आई, तुला जी काळजी वाटतेय ना की अशा ओसाड जागी पोरीबाळीला घेऊन एकटे कसे, तर एकटे नव्हतोच. येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी हळू होत होती, काच खाली, ऑल गुड मेट? दोन-दोन ट्रेलरवाला एक मोठा ट्रक होता, ह्याला इथे रोड ट्रेन म्हणतात, त्याला थांबणं अवघड, पण त्याने यूएचएफ रेडिओवर, म्हणजे गाडीतल्या वॉकीटॉकीवर, आमच्याशी बोलून घेतलं, सगळे ट्रकवाले चाळीस नंबरच्या चॅनेलवर असतात, आणि पुढच्या कायगुनाच्या रोडहाउसला आमचा निरोप दिला. मग एक आजी-आजोबा आले, ते पण कॅरॅव्हॅनवाले. इथे रिटायर झाल्यावर लोक घर भाड्याने देऊन असे महिनोन्महिने फिरतात. आजोबांकडे आपोआप स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप होती, ती त्यांनी होजवर ताणून ताणून गुंडाळली, पाणी भरलं, आणि रेडिएटरचं झाकण सैल ठेवायला लावलं म्हणजे आत प्रेशर धरत नाही आणि टेपवर ताण येत नाही. मसालेभात मात्र दोघांनी दोन-दोनदा घेतला. तिखटाने आजोबांचं नाक वाहत होतं पण चमचा काय थांबेना.

तोवर ऊन उतरलं होतं. संध्याकाळी ह्या रस्त्यावर कांगारू मधे येतात म्हणून लोक अंधारात चालवायचं टाळतात, आम्ही पण जवळच्याच रेस्ट एरियात आजी-आजोबांच्या शेजारी मुक्काम केला. सकाळी साठच्या स्पीडने, मधेमधे थांबून पाणी घालत, ते पुढे आणि आम्ही मागे असे कायगुनाला पोचलो. रोडहाउसवाल्या बाईंनी कालगुर्लीला फोन लावून होज मागवला, तो इकडे येणाऱ्या एका ट्रकवाल्याबरोबर आला, पण दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळात आजोबांनी चिंगीला जवळचं ब्लोहोल दाखवून आणलं. जमिनीत एक भोक आहे, खाली चुनखडीच्या गुहा आहेत, आणि बाहेरचा हवेचा दाब बदलला की त्यातून वारा आत ओढला जातो नाहीतर बाहेर फेकला जातो. हिने टोपी धरली तर टोपी उडाली म्हणे.

फोनचा घोळ घड्याळामुळे पण झाला बघ. पर्थ तुमच्या अडीच तास पुढे, पण ह्या मधल्या पट्ट्यात सगळे घड्याळ अजून ४५ मिनिटं पुढे ठेवतात, म्हणजे तुमच्यापेक्षा सव्वातीन तास. मला रोडहाउसचा वायफाय मिळाला तेव्हा तुम्ही झोपलेलात.

आता ॲडलेडला पोचलोय, होज नवा, कूलंट नवं, बाकीचे पाइप पण बदलून घेतलेत. पण खरी भानगड पुढेच आहे. एवढं होऊनही तुमच्या जावयांना आता स्वतःची कॅरॅव्हॅन घ्यायचीय, किमती बघणं सुरू झालंय. माझं मत म्हणाल तर नुसती गाडी घेऊन जावं आणि रोडहाउसच्या खोलीत पाय पसरून झोपावं, ओढायचं नाही आणि तापायचं पण नाही. बाबा, रविवारी फोनवर ह्यांनी विषय काढला तर प्लीज तुमच्या फियाटच्या गोष्टी रंगवून सांगू नका, ह्यांना अजूनच जोर येईल. आणि आई, गोडा मसाला संपला, मावशीचा मुलगा मे महिन्यात येतोय ना त्याच्याबरोबर दे.

तुमची,
माई