रेकॉर्ड रूममधल्या काकांचे आणि वकीलताईंचे आभार

माझी मावसबहीण १९८० ची. मावशी आणि तिच्या अमेरिकन नवऱ्याने तिला मुंबईतल्या अनाथाश्रमातून दत्तक म्हणून अमेरिकेला नेलं. पासपोर्टचा अर्ज परत आला तेव्हा कळलं, तिचं नागरिकत्वच झालेलं नाही! तिथला दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा २७ फेब्रुवारी २००१ ला लागू झाला. त्या दिवशी १८ पूर्ण झालेले त्यातून वगळले गेले. ताई त्यांतलीच. केवढा अन्याय!

तेव्हा परदेशी पालकांना इथे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली दत्तकाचा नव्हे, फक्त पालकत्वाचा आदेश मिळे. ताईच्या नागरिकत्वाच्या अर्जासाठी तोच हवा होता.

फोर्टमधल्या कोर्टातले रेकॉर्ड रूमचे काका डबा बाजूला ठेवून माझ्याबरोबर जुनी रजिस्टरं उलटत बसले. आदेश सापडल्यावर त्यांनी हात धुऊन, पुसून मगच ते जीर्ण पान उघडलं. फोनवर ताईला म्हणाले, "बाळ, तुझं नाव आहे इथे. नीट आहे सगळं." पंचेचाळिशीकडे आलेली माझी ताई हमसून रडली.

वकीलताईंनी एक पैसा न घेता प्रमाणित प्रतीचा अर्ज लिहून दिला. वर बजावलं, नागरिकत्वाचा निकाल लागेपर्यंत कुठल्याही फॉर्मवर स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणायचं नाही, पुढे तेच अंगाशी येतं.

प्रत ताईला मिळाली, अर्ज दाखल झालाय. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.