ड्रमरला सांगितलंस का?

सोलापूर

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

बँड सोडून एकट्यानं गायचं ठरवलंस हे ऐकल्यावर मी आधी तुमच्या ड्रमरचं विचारलं, तर तू हसलास. अरे, मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवलेला माणूस. माईकवाल्याच्या मनात काय चाललंय, ते मागं बसणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं.

त्या इंग्लिश गायकाचं, पीटर गेब्रिएलचं पोस्टर लावतोस ना खोलीत? त्यानं १९७५ साली आपला जेनेसिस बँड सोडला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. सोडायचं आधीच सांगितलं होतं, तरी ठरलेला दौरा पुरा करूनच निघाला. पुष्कळांना वाटलं, आता बँड बुडाला. बाकीच्यांनी कितीतरी गायक ऐकून पाहिले आणि शेवटी माईक दिला कुणाला, तर ड्रमर फिल कॉलिन्सला! (हे वाचून मी एक चहा जास्तीचा घेतला.)

गेब्रिएलचा पहिला सोलो अल्बम आला १९७७ मध्ये. ब्रिटनमध्ये त्याच्या पहिल्या चारही अल्बमवर नाव एकच, त्याचं स्वतःचं. दुकानात लोक कसे मागत असतील देव जाणे. सगळ्यात मोठं यश आलं १९८६ मध्ये, आणि गंमत बघ, त्या जुलैत अमेरिकेत त्याच्या गाण्यानं पहिल्या नंबरवरून खाली उतरवलं ते जेनेसिसचंच गाणं.

पण मला तुला सांगायचंय ते १९८२ चं. त्यानं देशोदेशींच्या संगीताचा वोमॅड महोत्सव भरवला आणि पहिल्याच वर्षी तो कर्जात गेला. तेव्हा धावून कोण आलं? जेनेसिस. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात मिल्टन कीन्सला भर पावसात सगळे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. गेब्रिएलची स्टेजवर एन्ट्री शवपेटीतून! सोडून गेलेल्या माणसासाठी कोण कशाला भिजेल पावसात? त्यानं जाताना दारं आपटली नव्हती, म्हणून.

तू जा, माझी ना नाही. घेतलेले शो मात्र पुरे कर, ॲडव्हान्सचा हिशेब चौघांसमोर मांड. ज्या चाली चौघांनी बसून बांधल्या त्या तुझ्या एकट्याच्या नावावर येता कामा नयेत. गायच्या असतील तर विचारून गा. आणि ड्रमरला व्हॉट्सॲपवर नको, भेटून सांग.

आईला मी अजून बोललो नाही. गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा तूच सांग, मी शेजारी बसेन.

तुझे,
अप्पा