काजू उद्योगाची गाठ यंत्रात नाही, एप्रिलच्या पैशात आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंधुदुर्गात रोजगार नाही म्हणून पोरे मुंबई, पुणे नाहीतर गोवा गाठतात, हे निवडणुकीच्या भाषणांतले कायमचे वाक्य आहे. त्यावरचा उताराही ठरलेला: मोठा कारखाना आणा, औद्योगिक वसाहत वाढवा. १९९७ मध्ये जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. दोन्हींचा थोडाफार फायदा झालाच. पण १९९० च्या रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनंतर इथल्या वरकस जमिनीवर जो काजू उभा राहिला, त्यातला बराच माल आजही बी म्हणूनच पोत्यांत भरून बाहेर जातो. गावातला छोटा काजू कारखाना मात्र गणपतीपर्यंत रडतखडत चालतो आणि मग एक तर बंद पडतो, नाहीतर परक्या व्यापाऱ्याची बी मजुरीवर फोडून देतो. असे का होते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. योजना आखणाऱ्यांच्या कागदावर मात्र ते दिसत नाही.

दिवसाला २०० किलो बी फोडणारे एक साधे युनिट धरा. वर्षाचे २५० दिवस काम चालवायचे तर ५० टन बी लागते. किलोला १३० रुपये भाव धरला तर ६५ लाखांची नुसती बी झाली. ती मिळते कधी? फेब्रुवारीअखेर ते मेअखेर. पाऊस लागला की शेतकऱ्याकडची बी संपते आणि उरलेली भिजून काळी पडते. म्हणजे वर्षभराचा कच्चा माल तीन महिन्यांत, रोखीने घ्यावा लागतो. बागायतदार उधारीवर बी देत नाही आणि त्याने द्यावीही का? त्याचा वर्षाचा खर्च त्यावरच असतो.

आता बँकेचा हिशेब बघा. छोट्या उद्योगाची खेळत्या भांडवलाची मर्यादा सर्रास वार्षिक उलाढालीच्या २० टक्के धरून काढली जाते. वरच्या युनिटला बीच्या वजनाचा पाव भाग गर निघतो असा उतारा धरून साडेबारा टन गर मिळेल. अख्खा, पाकळी (दुभंगलेला अर्धा गर), तुकडा मिळून सरासरी ७०० रुपये भाव धरला तर उलाढाल साडेसत्त्याऐंशी लाख. त्याचे २० टक्के म्हणजे साडेसतरा लाख. हे सगळे पैसे बीत घातले, मजुरीला एक रुपयाही ठेवला नाही, तरी साडेतेरा टन बी येते. काम चालते ६७ दिवस. पैसा फिरवता येतो हे खरे. पण बी वाळवून, वाफवून, फोडून, सोलून, निवडून डब्यात जायला आठवडा आणि पुढे व्यापाऱ्याची महिनाभराची उधारी, म्हणजे एका फेरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. हंगामात दोन फेऱ्या होतात, तिसरी होत नाही. जूनमध्ये हातात पैसे येतात तेव्हा बाजारात गावची बी नसते. मग आफ्रिकेतून आलेली बी घ्या, नाहीतर कुलूप लावा.

हा २० टक्क्यांचा आडाखा वर्षभर सारखा माल घेणाऱ्या धंद्यासाठी ठीक आहे. साखर, चहा अशा हंगामी उद्योगांना बँका रोख अंदाजपत्रकाच्या पद्धतीने कर्ज देतात: कोणत्या महिन्यात किती पैसा जाणार, किती येणार, त्यावरून हंगामाची मर्यादा वेगळी आणि बिगरहंगामाची वेगळी. काजूला हीच पद्धत लावली पाहिजे. त्यासाठी नवा कायदा नको, नवे अनुदानही नको. २० टक्के ही रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत किमान पातळी आहे, कमाल नव्हे, याची आठवण शाखेत गेल्यावर करून द्यावी लागते हे विशेष.

उलट यंत्रासाठी पैसा मिळतो. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत भांडवली खर्चावर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांचे अनुदान आहे. रोजगार निर्मितीच्या पीएमईजीपी योजनेत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, महिला व इतर विशेष गटांना ३५ टक्के मिळतात. त्यामुळे बॉयलर, कटिंग यंत्रे, ड्रायर येतात, उद्घाटनाचा नारळ फुटतो आणि दुसऱ्या हंगामात हप्ता थकतो. बचत गटांच्या महिलांना खेळत्या भांडवलासाठी प्रत्येकी ४० हजारांचे बीज भांडवल आहे, ते चांगलेच. पण दहा जणींच्या गटाचे चार लाख म्हणजे तीन टन बी, म्हणजे पंधरा दिवसांचे काम. प्रकल्प अहवाल करून देणाऱ्यांनी यंत्रांच्या कोटेशनला दहा पाने घालण्यापेक्षा बीच्या खरेदीचा महिनावार तक्ता एका पानावर दिला तर जास्त उपयोग होईल.

जीएसटीचा एक खड्डाही इथेच आहे. न सोललेली काजू बी शेतकऱ्याकडून घेतली की त्यावरचा ५ टक्के कर घेणाऱ्याने भरायचा असतो, ज्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. तो जमा क्रेडिटमधून, म्हणजे आधी भरलेल्या कराच्या वजावटीतून नाही, रोखीनेच भरावा लागतो. उलाढाल कितीही लहान असली तरी त्यासाठी नोंदणी सक्तीची. ६५ लाखांच्या बीवर सव्वातीन लाख रुपये ऐन हंगामात अडकतात आणि गर विकताना हळूहळू वळते होतात. नव्या उद्योजकाला हे बहुधा नोटीस आल्यावर कळते.

दुसरा प्रश्न भावाचा. झाडाखालून उचललेल्या ताज्या बीत ओलावा १८ टक्क्यांच्या आसपास असू शकतो. साठवायला तो ८-९ टक्क्यांवर यायला हवा. त्यासाठी दोन-तीन दिवस कडक ऊन लागते, खळ्यावर पातळ थर आणि वरचेवर हलवणे. पण शेतकऱ्याने हे का करावे? १८ टक्के ओलाव्याची १०० किलो बी ९ टक्क्यांवर आणली की ९० किलो उरते. ओल्या बीला १२० रुपये मिळत असतील तर सुक्या बीला १३३ मिळाल्याशिवाय त्याची वजनाची घटही भरून येत नाही, उन्हातली मेहनत सोडाच. खरेदीदार सुक्याला पाच रुपये जास्त देतो. साहजिकच बी ओलीच विकली जाते, कारखानदार ती तशीच थप्पीला लावतो आणि जुलैत पोते उघडले की बुरशीचा वास येतो. गर पिवळा पडतो, डाग धरतो. मग ‘गावची बी टिकत नाही, परदेशी बरी’ असा निष्कर्ष निघतो. चोरीच्या भीतीने झोडून पाडलेली अपक्व बी यात मिसळली की उतारा आणखी घसरतो.

यावरचा उपाय आफ्रिकेच्या बीचे व्यापारी रोज वापरतात: कट टेस्ट. ढिगातल्या वेगवेगळ्या पोत्यांतून, वर-मध्ये-खाली अशी बी काढून एकत्र करायची, त्यातली नेमकी एक किलो घ्यायची. आधी नग मोजायचे. मग एकेक बी अडकित्त्याने उभी फोडून गर वेगळा करायचा. चांगला गर पूर्ण वजनाने, डागी व सुरकुतलेला अर्ध्या वजनाने धरायचा, सडका व किडका सोडून द्यायचा. ते वजन ८० किलोच्या पोत्याला लावून पौंडांत काढले की झाला आउटटर्न. किलोभर बीत २७२ ग्रॅम उपयोगी गर निघाला तर तो ४८ पौंड. १३० रुपये भाव ४८ पौंडांच्या बीचा असेल, तर ४४ पौंडांच्या बीचा ११९ होतो. किलोमागे अकरा रुपयांचा हा फरक आज कोणाच्या खिशात जातो ते उघड आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींत गराचे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर आहे. तीस वर्षे जपलेल्या कलमांची बी आणि बांधावरची गावठी बी एकाच काट्यावर, एकाच भावाने जात असेल तर चांगली कलमे लावायला सांगण्याचा अधिकार कोणाला उरत नाही.

कट टेस्टला लागते काय? ग्रॅमपर्यंत अचूक काटा, ओलावामापक, अडकित्ता, एक टेबल आणि पंधरा दिवसांत तयार होणारी दोन माणसे. बाजार समितीने प्रत्येक तालुक्यात मोठ्या आठवडा बाजाराच्या जागी हे टेबल मांडावे, ओलावा व आउटटर्नची चिठ्ठी द्यावी. भाव ठरवायची सक्ती नको. चिठ्ठी हातात असली की शेतकरी स्वतः घासाघीस करील, त्यात आपली माणसे कमी नाहीत.

साठवणुकीचेही तसेच. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत काजू बी बसते. ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. पण ती योजना शेतकऱ्याच्या मालासाठी आहे, कारखानदाराच्या नाही. कारखानदाराला उपयोगी पडेल ती नोंदणीकृत गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती. बी गोदामात, पावती बँकेकडे, आणि जेवढी रक्कम भरू तेवढी पोती दर पंधरवड्याला सोडवून न्यायची. बी हेच तारण असल्याने घर-जमीन गहाण टाकावी लागत नाही. अडचण एवढीच की असे गोदाम हाकेच्या अंतरावर हवे. कोकणच्या पावसाला तोंड देणारे हवे: जोते उंच, थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट सुटी, आणि आत जाणारी बी ९ टक्क्यांच्या आतली. ओली बी घेतली तर पहिल्याच वर्षी बँकेचा विश्वास उडेल, म्हणून वरचे टेबल आधी.

कारखान्याच्या आतले नुकसान बोलके असते, तरी थोडक्यात सांगतो. लहान-मोठी बी एकत्र वाफवली की लहान जास्त शिजून टरफलाचे तेल गराला लागते, मोठी कच्ची राहून फोडताना तुटते. म्हणून वाफेआधी चाळणीने आकार वेगळे करावेत आणि वाफवलेली बी रात्रभर पसरून गार झाल्याशिवाय कटिंगला देऊ नये. ड्रायर ६५-७० अंशांवर सहा-आठ तास लागतो. मध्येच वीज गेली की साल सुटत नाही आणि सुरीने खरवडताना अख्ख्या गराची पाकळी होते. ३२० नंबर या आकाराचा अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावातल्या फरकातच कारखान्याचा नफा असतो. पावसाळ्यात वाडीवरची थ्री-फेज वीज दोन-दोन दिवस जाते, त्याचा भुर्दंड असा पाकळीत मोजावा लागतो. टरफलावर चालणारे ड्रायर घेणाऱ्यांनी धुराड्याची उंची आणि प्रदूषण मंडळाची संमती आधी पाहावी. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून काम बंद पडले तर दोष शेजाऱ्यांचा नाही.

बोंडांचा, म्हणजे बीला जोडलेल्या रसाळ फळांचा विषय निघाला की सगळे उत्साहात येतात. बीच्या सहा-आठ पट वजनाची बोंडे बागेत कुजतात, शेजारच्या गोव्यात त्यांची फेणी होते आणि तिला २००९ पासून भौगोलिक मानांकनही आहे, हे सारे खरे. रसातला तुरटपणा लिटरला पाच ग्रॅम साबुदाणा शिजवून टाकला की खाली बसतो, इतके ते सोपेही आहे. पण बोंड दिवसभरात आंबते, वाहतूक सोसत नाही आणि सरबताला वर्षभराचे गिऱ्हाईक लागते. पहिला रुपया तिथे घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

वेंगुर्ला काजूलाही मानांकन मिळाले, २०२३ मध्ये राज्याच्या काजू मंडळाची घोषणा झाली. मंडळाने नवी यंत्रे वाटण्याआधी तालुक्यागणिक कट टेस्टची टेबले आणि दोन-तीन नोंदणीकृत गोदामे उभी करावीत. आणि बँकांची जिल्हा सल्लागार समिती दर तिमाहीला बसतेच. तिच्या डिसेंबरच्या बैठकीत काजूसाठी हंगामी मर्यादेचा विषय घ्यावा. अर्ज जानेवारीअखेर निकाली निघावेत, रक्कम फेब्रुवारी संपण्यापूर्वी खात्यावर उचलता यावी, परतफेड पुढच्या जानेवारीपर्यंत माल विकेल तशी व्हावी. मे महिन्यात मंजुरीचे पत्र आले तर त्याचा उपयोग नाही. तोपर्यंत बी घाट चढून गेलेली असते.

आपला,
काजू प्रक्रिया व्यवसायातील एक वाचक
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग