बारा वर्षं घसरलेला पाय

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा समजला नाही. दुसऱ्यांदा समजला, म्हणून हे पत्र. लेखकमहाशय विद्वान आहेत, त्यात वाद नाही. पण हिटलरच्या राज्यात हायडेगरने वर्षभर केलेली विद्यापीठाची रेक्टरकी (कुलगुरुपद) म्हणजे त्यांच्या लेखी 'पाय घसरणे'? या गृहस्थाने १ मे १९३३ रोजी नाझी पक्षाचं सभासदत्व घेतलं, ते १९४५ पर्यंत सोडलं नाही. आमच्या तळीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरूनसुद्धा माणूस बारा वर्षं घसरत नाही हो!

आणि हुसर्ल? ज्या ज्यू वंशाच्या गुरूला मुख्य ग्रंथ अर्पण केला, त्याची अर्पणपत्रिका १९४१ च्या आवृत्तीतून गाळली. प्रकाशकाने सुचवलं, असा पुढे खुलासा. आतली आभाराची तळटीप मात्र शाबूत! काय उडवायचं आणि काय ठेवायचं, हे तत्त्वज्ञाला बरोबर कळत होतं.

मला हे झोंबतं, त्याचं कारण घरचं आहे. माझ्या वडिलांचं लग्न गोव्यात पोर्तुगीज अमदानीत झालं. तेव्हा लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सेन्सॉरला दाखवावी लागे. 'मुंबईच्या मंडळींनी हेच अगत्याचे आमंत्रण समजावे' या ओळीवर साहेब अडले. कोण ही मंडळी? आजोबांनी आत्ये-मावश्यांची नावं सांगितली, उपयोग झाला नाही. ओळ उडाली. छापखानेवाला खट, त्याने ती जागा कोरीच सोडली. ती पत्रिका माझ्या कपाटात आहे. वडील सांगत, साहेब लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकलेला, तोंडपाठ कविता म्हणणारा, अगदी सभ्य. शिकलेल्यांचं कौतुक मला तेव्हापासून बेतानेच. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारसुद्धा कोईंब्रा विद्यापीठाचा प्राध्यापकच की!

'विचार वेगळा, माणूस वेगळा' असं लेखक म्हणतात. असेल. हायडेगर वाचू नये असं मी म्हणत नाही, मला तो झेपतही नाही. पण वाचायचा तर ती गाळलेली अर्पणपत्रिका धरून वाचावा.

जाता जाता : गेल्या महिन्यात पाण्याच्या टँकरबद्दल मी लिहिलेल्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण जागेअभावी कापलात. त्याच पानावर सराफाची जाहिरात अर्धं पान होती. तो परिच्छेद सोबत पुन्हा जोडला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डिचोली